संताजीरावांच्या मांजरांचं मटण

सकाळी साडेसातला आमच्या घरात मान वर करायला फुरसत नसे. उन्हाळ्यात मध्य भारतचं सरकार ग्वाल्हेरहून इंदूरला यायचं, त्यामुळे हे घरी असायचे आणि नऊच्या ठोक्याला जेवून कचेरीत जायचे. शेगडीवर वरण, परातीत कणीक, मंजिरीची अर्धी वेणी माझ्या हातात, आणि पुढच्या दाराची कडी वाजली.

मंजिरी तशीच पळत गेली आणि परत येऊन म्हणाली, "मांजरवाले काका आलेत. कोट घालून."

मागच्या अंगणातल्या खोलीत राहणारे हे संताजीराव भोईटे. पुढच्या दारानं ते कधी येत नसत. काही हवं असलं तर अंगणातूनच खाकरायचे. दरबारच्या शिकारखान्यात त्यांनी वीस वर्षं चित्त्यांना खाऊ घातलं होतं. संस्थानाचं विलीनीकरण झालं, शिकारखाना उठला, चित्ते कुठे कुठे पाठवून दिले. जाताना संताजीरावांनी कोठारातली दोन मांजरं तेवढी मागून घेतली. बोक्याचं नाव हवालदार, मांजरीचं बायजा. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्या दोघांचं जेवण हेच त्यांचं काम उरलं होतं, आणि ते काम ते अजूनही नोकरीवर असल्यासारखं करायचे.

"वहिनीजी, सांवेरहून निरोप आलाय. बहीण आजारी आहे. चार दिवस जाऊन येतो," ते म्हणाले. "मटण जनाबाई आणेल. तुमची नजर असू द्या बस. ती जरा ढिली आहे."

जनाबाई मोरीत भांडी घासत होती. "हां, ढिली. यांच्या बोक्यासाठी खाटकाच्या दारात मी उभी राहते, आणि ढिलीही मीच."

संताजीरावांनी मला अंगणात नेऊन सगळं दाखवलं. मटण त्याच सकाळी कापलेल्या बकऱ्याचं हवं, कच्चंच, मीठ-मसाला काही नाही. सुरी आणि तुकडे करायचा पाटा त्यांचे वेगळे. दोन्ही राखेनं घासून वर कढत पाणी ओतायचं. शिजवलेलं हाड चुकूनही द्यायचं नाही, त्याच्या काड्या होतात आणि आतडं फाटतं. पाव तासात खाल्लं नाही तर उचलून लांब पुरायचं. लेकरांना हात लावू द्यायचा नाही. "आणि देण्याआधी वास घ्यायचा. नाक अगदी जवळ नेऊन. चित्त्याच्या मटणाचाही मीच घ्यायचो, रोज."

मी हो म्हटलं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मटण आलेलं नव्हतं, ते लांबून बघण्याचीही मला सवय नव्हती. पण कोट घालून दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणवेना. यांना सांगितलं तर म्हणाले, "छान. आता चित्तेच पाळायचे राहिलेत."

दोन दिवस नीट गेले. जनाबाई तुकडे करी, मी नाकाला पदर लावून पायरीवर उभी राही. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. एकादशीला जनाबाई खाटकाकडे जात नसे, आणि मलाही त्या दिवशी मटणाचं नाव नको होतं. म्हणून आदल्या सकाळीच मी तिला म्हटलं, "उद्याचंही आजच आण."

"टिकेल का बाई? ऊन बघा केवढं आहे."

"ओल्या फडक्यात मडक्यात ठेवू. दूध राहतं की तसं."

दूध राहायचं, कारण ते मी दोनदा तापवलेलं असायचं. हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या वेळी ते आठवायला नको होतं, एवढंच.

एकादशीला सकाळी जनाबाईनं मडकं उघडलं. मी पदर नाकावर घट्ट धरला होता. वास घ्यायचा हे लक्षात होतं. पण उपासाच्या दिवशी, पूजा व्हायची असताना, त्या मडक्यावर वाकणं माझ्यानं झालं नाही. जनाबाईला म्हणाले, "दे." बायजा जवळ आली, फिरून निघून गेली. हवालदार मात्र हावरट. दोघांचं त्यानं एकट्यानं संपवलं.

दुपारपासून त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. संध्याकाळी यांनी कचेरीतून येताना गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर आणला. त्यानं काही पाजलं, ते पोटात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास हवालदार संताजीरावांच्या बंद दाराशी जाऊन आडवा झाला आणि तिथेच गेला.

संताजीराव त्याच दिवशी दुपारच्या मोटारीनं आले. मी जनाबाईवर ढकललं नाही. सगळं सांगितलं, मडक्यासकट. त्यांनी एकच विचारलं, "वास घेतला होता?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. कोट काढून खुंटीला अडकवला आणि कुदळ घेतली. कडुनिंबाखालची माती उन्हानं दगड झाली होती. हे मदतीला गेले तर म्हणाले, "राहू द्या साहेब, हे माझ्याच हातानं व्हायला हवं." खड्डा बुजवून झाल्यावर हात धुताना, माझ्याकडे न बघता ते बोलले, "माझंच चुकलं, वहिनीजी. जाताना पंचांग बघायला हवं होतं. तुमच्या घरी एकादशी असते."

ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

त्यानंतर ते अंगणात दिसले की मी आत सरकायची. भाजी निवडताना ऐकू यायचं, दोघांसाठी पाटा धुवायची सवय असलेला माणूस एकीपुरतेच तुकडे करतोय, ठक ठक आणि लगेच शांत. बायजाचं पोट दिसू लागलं होतं. पिल्लं हवालदाराचीच. जनाबाई म्हणायची, "म्हातारा आता तिच्याकडे बघूनच दिवस काढतोय."

तीन आठवड्यांनी सांवेरहून पुन्हा माणूस आला. बहीण आता एक-दोन दिवसांचीच सोबती होती. संताजीराव पुढच्या दाराशीच आले, तोच कोट.

"काका, मला सांगू नका," मीच आधी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसरं कोण आहे?" त्यांनी साधेपणानं विचारलं. मोटारीची वेळ होत आली होती, तरी ते उंबऱ्याबाहेर थांबले होते. मग म्हणाले, "एकच मागतो. बायजाला रोज त्याच दिवसाचं मटण द्या. एकादशी आली तर तिला उपाशी ठेवा. शिळं देऊ नका."