आजूबाजूला कोणी आहे का?

जर्मनीत शिकायला गेले तेव्हा माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनला कोणी हसलं नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई तर मी शब्द शोधत अडखळले की हातात पाव धरून शांत उभी राहायची, मागे रांग असली तरी. माझ्या भाषेला हसायला आपलीच माणसं लागली, आणि तो राग अजून गेलेला नाही.

तिथले आम्ही मराठी विद्यार्थी रविवारी कुणाच्या तरी खोलीवर जमून स्वयंपाक करायचो. अशाच एका रविवारी नागपूरच्या सक्करदऱ्याहून आईचा फोन आला. आमच्याकडे फोन एकट्याचा नसतो. खोलीत जितकी माणसं असतील तितक्यांची विचारपूस झाल्याशिवाय तो ठेवला जात नाही.

"कोन कोन हाये वं तिथं? दे बरं त्यायले फोन," आई म्हणाली. मी स्पीकर लावून फोन पुढे केला.

"जेवले का गा पोरांहो? का करून राहिले? नागपूरले आले का घरी या बरं, वडाभात करू तुमच्यासाठी."

ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत, अशा पोरांना ती जेवायला बोलावत होती. फोन घेतलेला पुण्याचा मुलगा "हो काकू, येऊ" म्हणाला, फोन टेबलावर ठेवला आणि लगेच तिच्याच सुरात ओरडला, "का करून राहिले गा पोरांहो?" सगळे पोट धरून हसले. फोन चालूच होता. मी झडप घालून उचलला, तोवर आईने ठेवून दिला होता.

मी त्याला झाप झाप झापलं. तर म्हणतो, "अगं, गोड वाटतं ऐकायला, चिडतेस काय?" गोड! माझ्या आईचं बोलणं म्हणजे काय यांच्या जेवणात तोंडी लावायचं लोणचं आहे? स्वतःला बाजारात जर्मनमध्ये किलोभर बटाटे मागताना घाम फुटतो, आणि हे आम्हाला शुद्ध भाषा शिकवणार!

पुढच्या फोनवर आई म्हणाली, "तू जेवलीस का? अभ्यास कसा चालला आहे?" प्रत्येक शब्द चाचपडत. मी बेकरीत बोलायचे, तशी माझी आई माझ्याशी बोलत होती.

"अशी काहून बोलून राहिली वं आई?"

"आजूबाजूला कोणी आहे का?"

"कोनीच नाई."

"मंग सांग, जेवली का वं माय?"

त्यानंतर प्रत्येक फोन याच प्रश्नाने सुरू व्हायला लागला. कुणाला फोन दे म्हणणं तर तिने सोडूनच दिलं. माझी लाज जाऊ नये म्हणून ती जपत होती, आणि मला संतापाने रडू यायचं.

शेवटी मी त्या मुलाला बजावलं, की सगळ्यांसमोर आईची माफी मागायची. तो कबूल झाला. रविवारी सगळे गोल करून बसले, मी फोन लावला.

"आजूबाजूला कोणी आहे का?"

"हाव, सगळे हायेत. बोल ना वं आई, आपल्यासारखीच बोल."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तो मुलगा घसा खाकरून पुढे सरकला.

"सगळ्यांना नमस्कार सांग हं," आई जपून म्हणाली. "मी नंतर फोन करते."