तारेवर हात धुणं

मुलानं पुण्याहून पाठवलेल्या रेडिओला तार नाही. दोन काळे स्पीकर, एक डबी, बाकी सगळं इंटरनेटवरून. यात आवाजाचा कणही गाळला जात नाही, हे मुलानं फोनवर इतक्या गांभीर्यानं सांगितलं की मी बसलेला उभा राहिलो. वाशीममध्ये नळाचा नेम नाही. निदान गाणं तरी पूर्ण दाबानं येतं.

पण ऐकायला मी एकटा. म्हणून रिठदहून अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, बोलावलं. रेडिओ हे निमित्त. बायको गेल्यापासून घरात दुसरा माणूस नाही. अक्कानं राहावं एवढंच मनात होतं. बोललो मात्र नाही.

लहानपणी अनसिंगच्या घरी रेडिओ अक्काच्या ताब्यात असे. एक तार कडुनिंबावर, दुसरी अंगणातल्या मातीत पुरलेली. माती ओली असली की खरखर कमी व्हायची. उन्हाळ्यात त्यासाठी वेगळं पाणी कुठलं? म्हणून अक्काचा नियम: जेवल्यावर सगळ्यांनी तारेवरच हात धुवायचे. सोयऱ्यांनाही सूट नव्हती. एकदा प्रचाराला आलेले एक पुढारीसुद्धा गळ्यातल्या हारासकट तिथं उकिडवे बसले. त्यांच्या भाषणापेक्षा त्या हात धुण्याचा उपयोग जास्त झाला. संध्याकाळी गाणी साफ लागली.

अक्का आली. सोफ्यावर पाय घेऊन बसली, डोळे मिटून ऐकलं. गाणाऱ्या बाईचा श्वासही ऐकू येत होता.

"लय साफ हाय. याची मातीतली तार कुठी हाय?"

"याले तार नसते, अक्का."

तिचा विश्वास बसला नाही. जेवण झालं आणि ती तांब्या घेऊन बाहेर गेली. मीटरखाली घराच्या अर्थिंगची तार जमिनीत गेलेली आहे. ती तिनं बरोबर शोधली आणि तिच्यावर हात धुतले. आत येऊन म्हणाली, "आता आयक."

मी ऐकलं. "हो, साफ झालं."

"खोटं कायले बोलतं? होतं तसंच हाय." आणि पदराला हात पुसत राहिली.

सकाळी तिनं पिशवी भरली.

"काहून चालली? राह्य ना."

"तुह्या रेडिओले माही काई गरज नाही, बाप्पा. तिकडं तूर हाय वावरात."

एसटी सुटली. घरी येऊन रेडिओ लावला. एवढा स्वच्छ आवाज मला कधी नकोसा वाटला नव्हता. आठवडाभर कळ काढली आणि तिला फोन केला.

"अक्का, रेडिओ खरखर करून राह्यला."

"पाणी टाकलं का तारेवर?"

"तूच येऊन टाक."

"नुसता बाताड्या हायेस," ती हसली. "तूर सोंगून झाली की येतो. तवर आयक तसाच."

रेडिओ लख्ख वाजतोय. रिठदकडचं कुणी भेटलं की मी तुरीला शेंगा कशा धरल्यात ते विचारतो. लोकांना वाटतं, याला म्हातारपणी शेतीचा नाद लागला.