शैलाचा घसा नाजूक नव्हता

जे लिहायला बसलो आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेले नाही — मुलापाशी नाही, मेहुण्यापाशी नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. मग तुमच्यापाशी का? कारण माझ्या पत्नीच्या, शैलाच्या, अखेरच्या दिवसांविषयी आमचे लोक जे सांगत असतात ते चूक आहे, आणि चूक विधान ऐकून गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही. निदान मी तसे समजत आलो. या एका बाबतीत मात्र मी गप्प बसलो आहे, आणि ते सोयीचे होते म्हणून बसलो आहे.

शैलाचा धाकटा भाऊ विलास इथे आखातातच, बौशरला राहतो. गणपतीत चार माणसे जमली की तो हमखास विषय काढतो. "भाऊजींनी सगळं करून पाहिलं, पण ताईलाच ते सोसलं नाही. घसा नाजूक तिचा, लहानपणापासून." साफ चूक. सीबच्या आमच्या घरात शैला दर शुक्रवारी मुलांना मराठी शिकवत असे. आपापसात इंग्रजीत कलकलाट करणारी ती पोरे, आणि त्यांच्यावर चढलेला तिचा आवाज — तो आवाज बसलेला मी कधी ऐकला नाही. कॅनडात असलेला माझा मुलगा केदार म्हणतो, यंत्र वाईट होते. तेही चूक. आणि सीबमधल्या बायका म्हणतात, काकांनी काकूंचे किती केले! — यासारखी दुसरी चूक नाही.

शैलाला कर्करोग झाला होता. औषधोपचार सुरू झाले तसे अन्न तिला नकोसे झाले. फोडणीचा वास आला की ती तोंडावर पदर धरी. तोंडाला सतत कोरड, पोटात सतत मळमळ. डॉक्टरांनी त्यावर दिलेल्या गोळ्यांचा फारसा उपयोग होईना. त्याच सुमारास केदार आला आणि येताना मुठीत मावेल असे एक यंत्र व थोडा गांजा घेऊन आला. शब्द टाळून काय उपयोग? गांजाच होता तो. यंत्रात तो जाळायचा नाही, फक्त तापवायचा आणि त्याची वाफ आत घ्यायची. त्याच्या देशात हे दुकानात मिळते. आमच्या इथे याला तुरुंग आहे आणि नंतर कायमची हकालपट्टी. त्याने तो कसा आणला हे मी लिहिणार नाही. मी पुष्कळ आरडाओरडा केला. शैला शांतपणे म्हणाली, "अहो, मला एक वेळ नीट जेवायचंय. बाकी काही नको."

सुट्टी संपून केदार परत गेला. फोनवर याविषयी अवाक्षर काढायचे नाही असे ठरले होते, त्यामुळे यंत्र सर्वस्वी माझ्या हाती आले. सुरुवातीला शैलाला फार त्रास झाला. घशात वाळू ओतल्यासारखे होते, म्हणाली. पण इथे माझी विद्या कामी आली — हो, विद्याच म्हणतो. अल मवालेहच्या भाजीबाजारातली शीतगृहे सांभाळण्यात माझी उमर गेली आहे. थंडी कोणीही निर्माण करील. थंड हवेत ओलावा टिकवणे हे खरे काम. कोरडी हवा जिथून मिळेल तिथून पाणी ओढते, पालकाच्या पानातून ओढते तशीच माणसाच्या घशातून. मी यंत्राची उष्णता अगदी खाली आणली. तो पाला कुरकुरीत होऊ नये म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला. शैलाच्या पलंगाशी हवेत ओलावा सोडणारे उपकरण लावले. आधी कोमट पाण्याचा घोट, मग लहानसा, संथ श्वास, मग विश्रांती, आणि शेवटी ज्येष्ठमधाचा तुकडा गालात. खोकला जवळजवळ थांबला. शैला म्हणाली, "जन्मभर लोकांचा पालक टवटवीत ठेवलात. बायकोची पाळी आत्ता आली होय!"

त्या दुपारी तिने कुळथाचे पिठले आणि भात मागून घेतला, आणि संपल्यावर ताट पुन्हा पुढे केले. ते पुढे केलेले ताट मला अजून दिसते.

इथेच थांबता आले असते तर — पण नाही. थांबायचे नाही.

एके सकाळी इमारतीचा नातूर, म्हणजे आमचा राखणदार, जिन्यात भेटला. भला माणूस. म्हणाला, "साब, आपके घर में कुछ जलता है क्या? एक बार वायर चेक करवा लो." बस, एवढेच. मी हसून मान डोलावली आणि घरात येऊन दाराला आतून कडी घातली. पुढे दोन गाड्यांची किरकोळ धडक झाली म्हणून आमच्या दारासमोर पोलिसांची गाडी उभी राहिली, तेव्हा ती निघून जाईपर्यंत मी पडद्याआड खिळून होतो. मी — भर बैठकीत अर्बाबाला, म्हणजे आमच्या अरब मालकाला, 'तुमचे म्हणणे चूक आहे' असे सुनावणारा माणूस! पडद्याआड!

शैलाला एक वाक्य सांगायचे होते. 'मला भीती वाटते, हे बंद करू.' तिने त्याच क्षणी बंद केले असते. तिला मी ओळखत होतो. मग का सांगितले नाही? कारण तिने आयुष्यभर लोकांना सांगितले होते, "आमचे हे कोणाच्या बापाला भीत नाहीत." ते ऐकण्याची मला सवय झाली होती. त्या वाक्यातला माणूस मला गमवायचा नव्हता, तिच्या डोळ्यांसमोर तर नाहीच.

म्हणून मी काय केले? मी उष्णता वाढवली.

पहिल्या दिवशी थोडी, दुसऱ्या दिवशी आणखी. डबीचे झाकण काढून ती वातानुकूलन यंत्राच्या झोताखाली ठेवू लागलो, म्हणजे पाला कडकडीत वाळे. पलंगाजवळचे उपकरण बंद केले आणि फिल्टर खराब झाला आहे, नवा मागवतो, असे सांगितले. मागवला नाही. कोणती गोष्ट किती बदलली की घसा किती सोलवटेल याचा अंदाज माझ्याइतका कोणाला असणार? ती डोळे मिटून, मोठ्या विश्वासाने तो श्वास घेई आणि खोकत खोकत दुमडून जाई. डोळ्यांतून पाणी, हात छातीवर. मी तिची पाठ चोळत असे. पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावत असे. आणि विचारत असे — हे मी स्वतः विचारत असे — "आज जरा जास्त लागलं का गं?"

तिने लगेच सोडले नाही. आपलेच चुकते असे समजून ती श्वास आणखी सावकाश घेऊन पाही. फोनवर केदारला आडवळणाने सांगे की फिल्टर बिघडला आहे, नवा आला की बरे वाटेल. रोज पाही आणि रोज मी उष्णता वाढवलेली असे. शेवटी एका दुपारी तिने ते यंत्र टेबलावर ठेवले आणि हसण्याचा प्रयत्न केला. "खलास. नाही जमत हो माझ्या घशाला. तुमची एवढी मेहनत, सगळी वाया घालवली मी."

तिने माझी माफी मागितली. मी ती दिली. "असू दे, होतं असं," म्हणालो. उरलेला पाला संडासात सोडला, यंत्राचे तुकडे केले, आणि मला हलके वाटले — खरेच हलके वाटले.

त्यानंतर पिठले-भात जसाच्या तसा परत येऊ लागला. मग नुसता भात. मग पेज. भूक जाणे म्हणजे काय हे मी दिवसेंदिवस समोर बसून पाहिले. चमचा पुढे केला की ती मान वळवी आणि मग माझ्याकडे पाहून ओशाळे. विलास भेटायला आला की त्यालाही सांगे, "माझाच घसा मेला नाजूक." विलासची हकिकत म्हणजे तिचेच शब्द आहेत. त्याला मी काय खोडू?

कायद्याची भीती होती, असे म्हणून मोकळे होता येईल का? मी ते पुष्कळदा करून पाहिले आहे. कायदा कडक आहे, भीती रास्त होती, बंद करणेही कदाचित योग्यच होते. परंतु मी ते बंद केले नाही. मी तिच्याकडून ते सोडवले, तिच्या दुखण्यावर दुखणे चढवून, आणि दोष तिच्या घशावर ठेवला. ती गेली तीही तेच समजून गेली.

अंत्यविधीला केदार आला. चार-दोन दिवसांनी आम्ही दोघेच घरात होतो. रडून त्याचा घसा धरला होता. कोपऱ्यातले ते ओलावा सोडणारे उपकरण त्याने पाणी भरून सहज चालू केले. लागलीच त्यातून वाफ येऊ लागली, पांढरी, दाट.

"बाबा, हे तर चालू आहे. आई म्हणाली होती फिल्टर गेलाय."

"नंतर बदलला," मी म्हणालो.

तो त्या वाफेसमोर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "सॉरी बाबा. घाईत स्वस्तातलं मशीन उचललं मी. चांगलं घेतलं असतं तर तिला त्रास झाला नसता." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते यंत्र उत्तम होते. लावलेली उष्णता ते काटेकोरपणे राखत होते. हे सांगण्याइतका मी त्याच्या जवळ बसलो होतो.

"बरं वाटतंय घशाला," तो म्हणाला.

फिल्टर जुनाच होता. तो कधी खराब झालाच नव्हता.