तोड्याआधीचं शेत

खंडेनवमीच्या सकाळी स्कूटरला ईझल बांधून मी सदाशिव पेठेतून निघालो, तेव्हा बायकोने दारातूनच निरोप दिला, "अहो, ठिपकेच द्यायचेत तर उंबऱ्यापाशी रांगोळी काढा. पेट्रोल तरी वाचेल."

आज मला कशाचाच राग येणार नव्हता. दोन वर्षं मी घरात बसून, फोटो पाहून ठिपक्यांची चित्रं काढत होतो. या पद्धतीत रंग कालवायचे नसतात. पिवळ्याशेजारी तांबडा ठिपका द्यायचा, लांबून पाहिलं की नारिंगी पाहणाऱ्याच्या डोळ्यात होतो. आज पहिल्यांदाच खरं शेत समोर ठेवून चित्र काढायचं होतं.

हडपसर मागे पडलं, इमारती विरळ झाल्या आणि एका वळणावर बांधापासून ओढ्यापर्यंत नुसता झेंडू! मी चक्क ओरडलो.

शेताच्या मालकीण सुलाबाई जांभळं लुगडं खोचून बांधावर उभ्या होत्या. मी परवानगी मागितली.

"काढा की. पर आज तोडा हाय, समदी फुलं खुडायची. दुपारी टेम्पो मार्केट यार्डात जायाचा."

अशा चित्राला दिवसचे दिवस लागतात, आणि माझं शेत दुपारपर्यंतच होतं!

"मावशी, ओढ्याकडून सुरुवात कराल? मी तिकडचं आधी रंगवतो."

"जरा दम धरतो, मग तिकडूनच लागतो. हात चालवा!"

मी असा सुटलो की विचारू नका. त्यांनी दिलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा डाव्या हातात, ब्रश उजव्या. घाईत ब्रश चहात बुडवला आणि तो चहा प्यायलोही. थोड्या वेळाने सुलाबाई आणि तोड्याला आलेल्या बायका वाफ्यात उतरल्या आणि खुडत खुडत माझ्याकडे सरकू लागल्या. चित्राचा खालचा भाग कोराच होता, तोवर त्या समोर येऊन ठेपल्या. मागे सगळं हिरवंगार. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग लक्षात आलं, झेंडू गेला तरी बायका आहेत. वाकलेल्या पाठी, फुलांच्या पाट्या, लुगडी. मी भराभर ठिपके देत सुटलो.

टेम्पो भरल्यावर सुलाबाई चित्रात डोकावल्या. "ठिपके झाले. आता जोडणार कवा?"

मी त्यांना पार विहिरीपर्यंत मागे नेलं. त्या वळल्या आणि तोंडाला पदर लावला. "आगं बया! ही जांभळी म्या हाय. नगा जोडू, आजाबात नगा!"

संध्याकाळी घरी बायकोने चित्र नाकाजवळ धरलं. "रांगोळीच ही."

आमच्या खोल्यांत मागे सरायला जागा नाही. चित्र आतल्या भिंतीला टेकवलं आणि तिला दाराबाहेर, जिन्याच्या टोकाला नेऊन उभं केलं. मी झेंडू आणायला गेलो होतो आणि भलतंच घेऊन आलो होतो. तिने डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाली, "अहो, त्या जांभळ्या बाईची पाठ भरून आली असेल हो."