साहेबाला चहा नाही

बाबा दर मंडईला लाच खायचे. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा. तिच्यात गावातलीच माणसं नाटक करतात. आंधळगावजवळच्या आमच्या खेड्यात नाटक कोणतंही असो, शेतकऱ्याला नाडणारा एक साहेब त्यात असायचाच, आणि ते काम बाबांचं. एरवी ते शाळेत पोरांना पाढे शिकवत.

पुस्तकांत मी असे पुष्कळ साहेब वाचले होते. ते गडगडाटी हसतात, टेबलावर मूठ आपटतात. बाबांचा साहेब समोरच्याला खुर्ची देई, पाणी देई, बैल कसे आहेत विचारी. मग चष्मा काढून पुसत हळूच म्हणे, "उद्या या." लोक खवळत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू सगळ्या नटांना चहा पाजत आणि बाबांना तेवढं वगळत.

"लाच खाणाऱ्याले चाय नाई, भाऊजी!"

तो न मिळालेला चहा बाबा वर्षभर मिरवत.

यंदा श्रावणात बाबा गेले. मंडई जवळ आली तशी नाटकातली मंडळी आमच्या अंगणात येऊन बसली. साहेबाशिवाय नाटक उभं राहत नव्हतं. यंदा राहू द्यावं, असंच त्यांचं चाललं होतं. शेतकऱ्याचं काम करणारे काका मला म्हणाले, "तूच कर न, बाई. आता बायाही साहेब होऊन राहिल्या."

"माझा आवाज मागपर्यंत जात नाही, काका."

"तुह्या बाबाचा कुठं जात होता? लोकच चूप बसत."

मी आईकडे पाहिलं. बाबा गेल्यामुळे वर्षभर घरात सण करायचा नव्हता. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "सण नाई करायचा. नाटक कायले सोडायचं? थे त्याईचं काम होतं."

देवळापुढच्या मंडपात दुपारी तालीम सुरू झाली. घाबरून मी पुस्तकातला साहेब केला. मूठ आपटली, ओरडले. खांबाला टेकून लसूण सोलणाऱ्या काकू हसल्या. "हा कोन? रामलीलेतला रावन?"

सगळे हसले. मी खाली बसले. थोड्या वेळाने उठून काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, बैलांचं विचारलं.

"बरे आहेत जी, मॅडम."

मी चष्मा काढून ओढणीने पुसू लागले. काकांचा चेहरा पुसट झाला. बाबांचा साहेब नेमका त्याच वेळी चष्मा का पुसतो, ते मला तेव्हा उमगलं. समोरचा चेहरा दिसत असला की ते दोन शब्द तोंडातून निघत नाहीत.

"उद्या या," मी म्हणाले.

काकूंचा लसूण थांबला होता.

तालीम संपल्यावर त्या चहाची किटली घेऊन आल्या. काकांना दिला, पेटीवाल्याला दिला, मागे उभ्या असलेल्या आईला दिला. माझ्यासमोरून तशाच पुढे गेल्या.

"काकू, मला?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "उद्या या, मॅडम."

श्रावणानंतर आई पहिल्यांदा मोठ्याने हसली. मी हात पुढे केला, तर तिने आपला कप मागे घेतला आणि सगळा चहा एकटीने पिऊन टाकला.