टोकाकडे धावणारा रंग

पाथरवटाने चार छिन्न्या ऐरणीवर टाकल्या. चारही छिन्न्यांची टोकं उडालेली.

“पाणी दिलंस की काच ओतलीस रे?”

लोहाराने एक छिन्नी उचलली आणि तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. तुटीत दिसणारा पोलादाचा दाणा बारीक होता, म्हणजे भट्टीत जास्त तापली नव्हती. “पोलादच दगाबाज निघालं,” तो म्हणाला. “जुन्या कानशीचं होतं, कार्बन फार त्यात. आणि तू तरी घाव सरळ घालतोस का आता? वय झालं तुझं.”

“माझं वय झालं, आणि तू काय पाळण्यात आहेस?”

मागे भाता ओढत बसलेली लोहाराची थोरली बहीण खुदकन हसली. नवरा गेल्यापासून ती इथेच होती. तीस वर्षं भाता तिच्याकडे.

लोहाराला सगळे पाणीवाला म्हणत. तापलेलं पोलाद बुडवून कडक करायचं, त्याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. ते त्याच्यासारखं कोणाला जमत नसे. हातोडा मारणारे पुष्कळ होते. पण नुसतं बुडवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं, त्याचा माज थोडा उतरवावा लागतो. छिन्नीचं टोक तेवढं बुडवायचं, बाहेर काढून दगडाने घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या अंगातली धग पुढे सरकते आणि तिच्यासोबत रंग टोकाकडे धावतो. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पाथरवटाच्या छिन्नीला तपकिरी संपून जांभळा लागतो तिथे थांबवायचं, अख्खी पाण्यात. आधी बुडवली तर तुटते, उशीर झाला तर टोक मऊ पडतं. मध्ये दोन श्वासांचा वेळ असतो.

नव्या छिन्न्यांसाठी त्याने पूर्ण दिवस पोलाद निवडण्यात घालवला. भंगाराच्या ढिगातून एकेक तुकडा ग्राइंडरवर धरून बघितला. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, कार्बन वाढेल तशी त्यांना टोकाशी फुलं फुटतात. कानशीच्या ठिणग्या चाकापाशीच फुटून झुडूप होतात. त्याला मधलं हवं होतं. शेवटी ट्रकच्या कमानी-स्प्रिंगचा पाटा मिळाला. तुकडा तापवून बुडवला, तोडला, दाणा पाहिला. निवड चोख होती. त्याने चार छिन्न्या घडवल्या, स्वतः पाणी दिलं आणि स्वतः नेऊन दिल्या.

तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकीचं टोक उडालं आणि पाथरवटाच्या डाव्या अंगठ्याच्या मुळात शिरलं. शीर तुटली. टाके पडले, जखम भरली, पण अंगठा वाकेना. छिन्नी धरायचा हात तोच.

लोहार भेटायला गेला. “पाट्यात आतून तडा असणार,” असं म्हणाला. पाथरवट म्हणाला, “असेल बाबा. तुझ्या पाण्यात काही खोट नसणार.” त्या बोलण्याने लोहाराला बरं वाटलं. घरी येऊन त्याने पुन्हा ढीग उपसायला घेतला.

या खेपेला गाडीचा जुना धुरा निवडला. टोक बुडवलं, घासलं, पाहत राहिला.

“आला रंग,” तो म्हणाला.

“नाही आला,” बहीण म्हणाली.

“तू भाता ओढ.” त्याने छिन्नी पाण्यात घातली.

बहिणीने भाता सोडला. “अरे, आत्ता कुठे पिवळी पडायला लागली होती.”

“आंधळा समजलीस मला?”

तिने पाट्याची एक पट्टी घेतली, दोन्ही बाजूंनी घासून आरशासारखी केली आणि एक टोक निखाऱ्यात खुपसून दिली. थोड्या वेळाने बाहेर काढायला लावून म्हणाली, “सांग, काय काय दिसतं.”

लोहाराने पट्टी दाराच्या उजेडात धरली. “ही सगळी पिवळी. पुढे तपकिरी. मग काळपट.”

“इथे पांढरीच आहे अजून,” बहीण बोट न टेकवता दाखवत गेली. “पिवळी इथून. तपकिरी इथे. इथे जांभळी. आणि हे निळं आहे, चांगलं मोरपिशी. दिसत नाही तुला?”

त्याने पट्टी उलटीसुलटी केली. निळं कुठेच नव्हतं.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“गेल्या उन्हाळ्यापासून.”

“मग तोंडात काय बोळा होता?”

“दोनदा बोलले. दोन्ही वेळा म्हणालास, भाता ओढ.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू काढता येईल, पण मागचा पडदाही खराब झालाय, रंग पूर्वीसारखे दिसायचे नाहीत. किती वर्षं भट्टीत बघता, असं त्यांनी विचारलं. चाळीस म्हटल्यावर त्यांनी तेवढंच कागदावर लिहून घेतलं.

मग बहिणीच्या डोळ्यांनी काम करून पाहायचं ठरलं. लोहाराने छिन्नी धरायची, तिने रंग सांगायचा. ती “आता” म्हणायची, तो बुडवायचा. पण शब्द तिच्या तोंडून निघून त्याच्या मनगटापर्यंत पोचेतो रंग पुढे पळालेला असे. निळं पडून टोक मऊ होई. तिने आधी सांगून पाहिलं, तर टोक ठिसूळ राही. पूर्वी डोळ्याने पाहिलं की हात आपोआप खाली जायचा, मध्ये कोणाला विचारावं लागत नव्हतं. सांडशी तिच्याच हातात देऊन पाहिली. संधिवाताने तिची बोटं आखडलेली, भरल्या वजनाची छिन्नी दोन क्षण स्थिर राहीना. पंधरा दिवस राबून पाच छिन्न्या झाल्या. त्यातल्या दोन जमल्या असतील, पण कोणत्या दोन, हे दगडावर मारल्याशिवाय कळण्यातलं नव्हतं.

“उद्या पुन्हा करू,” बहीण म्हणाली.

“कोणाच्या हातावर बघायच्या?” तो म्हणाला.

पाथरवट आला तो सकाळीच. डाव्या हातात छिन्नी राहावी म्हणून त्याने मनगटाला चामड्याचा पट्टा शिवून घेतला होता. “जमेल तेवढं करतो,” तो म्हणाला. “बाजारातली तयार छिन्नी घेतली, दोन दिवसांत बोथट. तुझी एक दे.”

पाच छिन्न्या समोर फळीवर होत्या. त्याने एक घेतली आणि पट्ट्यात अडकवून बघितली.

“ठेव ती,” लोहार म्हणाला.

“का? पोलाद परत दगाबाज?”

“पोलाद चांगलंय. मागचंही चांगलं होतं. त्याच्या आधीचंही.” लोहार म्हणाला. “मला रंग दिसत नाही. वर्ष झालं.”

पाथरवटाने पट्ट्यातल्या छिन्नीकडे पाहिलं. मग म्हणाला, “मग मला का बोललास? घाव वाकडा घालतो म्हणून? मी महिनाभर आपलाच हात तपासत बसलो होतो रे. बायकोला म्हणालो, माझंच चुकत असणार, पाणीवाल्याचं चुकायचं नाही.”

 

पाथरवटाने पट्ट्यातून छिन्नी सोडवायला सुरुवात केली. डावा अंगठा वाकत नसल्यामुळे एका हाताने ती निघेना. लोहार पुढे झाला, तसा त्याने हात मागे घेतला, दातांनी पट्टा ओढून छिन्नी मोकळी केली आणि फळीवर होती त्या जागी ठेवली. जाताना नेहमीसारखं “येतो” म्हणाला नाही.

बहीण भात्यापाशी उभी होती. निखारे लाल होते.

“ओढू का?” तिने विचारलं.

लोहाराने नकारार्थी मान हलवली. ती भात्यापासून वळून आत गेली. तो तिथेच उभा राहून निखाऱ्यांकडे बघत राहिला. त्यांच्यावर पांढरी राख धरली तेव्हा ती त्याला पिवळीच दिसली.