मोटारखान्याच्या भिंतीतलं भोक

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी नगरला दादाच्या मोटारखान्यात राहत होते. राहत होते म्हणजे पडून होते. माझ्या मणक्याला क्षय झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी काखेपासून कमरेच्या खालपर्यंत प्लास्टर घातलं आणि वर्षभर तरी उताणं पडून राहायला सांगितलं. तेव्हा मी विशीत होते. आईवडील आधीच गेले होते. थोरला भाऊ आणि वहिनी, एवढंच मला घर होतं.

दादाचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. स्टेशन रोडला त्यानं बंगला बांधला तेव्हा शेजारी मोटारीसाठी दगडी भिंतींची, वर पत्रे घातलेली एक खोली काढली होती. लढाईत पेट्रोल मिळेना, मोटार विकून टाकली आणि खोली रिकामी पडली. मला मिरजेहून आणलं तेव्हा स्ट्रेचर सरळ तिथंच नेलं. दादा म्हणाला, "इथलं दार मोठं आहे. खाट आतबाहेर करायला सोपं जाईल." ते खरंही होतं. दुसरं कारण कुणी बोललं नाही. घरात तीन मुलं होती. क्षय हा शब्द वहिनीनं माझ्यासमोर कधी उच्चारला नाही, पण मुलांना तिनं ओसरीच्या खाली उतरू दिलं नाही. मुलं तिथूनच मला "आत्या, आत्या" म्हणून हाका मारत आणि हात हलवत. धाकटी तर कडेवरची होती. तिला हात हलवायलाही दुसऱ्या कुणीतरी शिकवावं लागे.

एक बाई सकाळ-संध्याकाळ येऊन माझं सगळं करून जाई. दुपारी जेवणं आटोपली की वहिनी दाराबाहेर सावलीत पाट टाकून बसे. मांडीवर तांदळाचं ताट घेऊन निवडत निवडत बोले. कुणाचं लग्न ठरलं, बाजारात काय आलं, शेजारणीशी काय बिनसलं. मला तिचा चेहरा अर्धाच दिसे, पण आवाज पुरा ऐकू येई. दिवसाचा तोच भाग मला माणसात असल्यासारखा वाटे.

चैत्र संपता संपता पत्रे तापायला लागले. प्लास्टरच्या आत घाम जिरायचा, वाळायचा आणि मग अशी खाज सुटायची की डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्याकडे विणकामाची लांब सुई होती. ती मानेकडून आत सारून मी खाजवत असे, पण पाठीच्या मधल्या भागाला ती पोचत नसे. पत्र्यावर ओली पोती टाकून पाहिली, ती तासाभरात कडकडीत वाळत. एकदा दादा दुपारी अचानक घरी आला आणि मला रडताना त्यानं पाहिलं.  खाटेचा दांडा धरून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात चार हमालांनी एक लोखंडी पेटी आणून अंगणात ठेवली. कॅम्पातलं लढाईतलं सामान तेव्हा लिलावात निघत होतं. फोटो धुण्याच्या खोलीला गार ठेवायला लष्करानं वापरलेलं ते मशीन होतं. दादाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"हे भिंतीत बसवायचं," तो मला सांगू लागला. "अर्धं आत, अर्धं बाहेर. खोलीतली उष्णता मागच्या बाजूनं बाहेर टाकतं आणि पुढून गार हवा सोडतं. थंडीच्या दिवसांसारखं वाटेल तुला."

भिंत फोडायला भिंगारचा एक गवंडी आला. म्हातारा मुसलमान, दाढी पांढरी, कानात अत्तराचा फाया. मूळ नेवाशाकडचा. त्यानं आत येऊन माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि खाटेच्या अगदी जवळ उभा राहिला. इतक्या जवळ त्या बाईखेरीज कुणी येत नसे. मी म्हणाले, "बाबा, जरा लांब उभे राहा. मला आजार आहे."

"ठावं हाय," तो म्हणाला. "तुमच्या दादांनी सांगितलं. आता आपलं वय झालं, आपल्याला काय व्हायचं. ताई, भोक कुठल्या भिंतीला पाडू?"

 आजारी पडल्यापासून मला काही विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती. कधी जेवायचं, अंग केव्हा पुसायचं, दार किती उघडायचं, सगळं ठरलेलं असे. मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "पायांकडच्या भिंतीला बरं. वारा सरळ अंगावर येईल." गवंड्यानं मान डोलावली, पण तो माझ्याकडेच बघत राहिला. मग मी म्हणाले, "हो, तिथंच पाडा."

मला धूळ लागू नये म्हणून खाटेवर चादरीचा आडोसा केला. बाकी मी तिथंच होते. काळा दगड, आत चुन्यात बसवलेला. छिन्नीचे घाव खाटेतून थेट प्लास्टरमध्ये येत. दगड निघेना की म्हातारा थांबून बिडी काढायचा, मग माझ्याकडे बघून ती परत खिशात ठेवायचा आणि बोलायला लागायचा. प्रवरेला पूर आला की त्यांच्या घराच्या पायरीपर्यंत पाणी कसं येई, बायको गेल्यावर तो भाकरी करायला कसा शिकला, पहिली भाकरी कुत्र्यानंही कशी खाल्ली नाही. मी हसले. हसलं की प्लास्टर फासळ्यांना टोचे, तरी हसले.

संध्याकाळी शेवटचा मोठा दगड बाहेरच्या बाजूला पडला आणि आडोसा काढला तेव्हा भिंतीत चौकोनी उजेड होता.

मी त्या उजेडाकडे बघतच राहिले. दारातून मला फक्त अंगण आणि ओसरी दिसे. या भोकातून रस्ता दिसला. एक टांगा गेला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई गेली. पलीकडे निंबाचं झाड होतं, त्याच्या खाली सायकल दुरुस्त करणारा माणूस चाक फिरवून फिरवून पाहत होता. मी आजारी पडल्यापासून रस्ता पाहिला नव्हता. लोक अजून तसेच चालत होते, कुठंतरी जायचं असल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मशीन बसवायचं होतं. कॅम्पातला वायरमन येऊन जाड तार ओढून गेला, खाटेजवळ माझ्या हाताला येईल असं बटण बसवून गेला. गवंड्यानं भोकात लाकडी चौकट घातली, बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे मशीनचं पाणी आत येणार नाही. कडा चुन्यानं लिंपल्या. मी त्याच्या आडून रस्ता बघायला धडपडते हे दिसलं की तो मधूनमधून बाजूला सरे. दादा दुकानातून मुद्दाम लवकर आला होता. हमाल बोलावू का म्हणाला.

"आज नको," गवंडी म्हणाला. "चुना वला हाय. वजन पेलायचं न्हाई. उद्या बघू."

"सकाळी तर म्हणालात आजच होईल."

"सकाळी वाटलं हुतं तसं."

तो माझ्याकडे न बघताच थापी धुवायला गेला. मला मिळालेली ती जास्तीची संध्याकाळ आणि सकाळ मी पुरी वापरली. सायकलवाल्याकडे कोण कोण आलं ते पाहिलं. निंबावर किती वेळ ऊन राहतं ते पाहिलं.

मग हमाल आले, पेटी उचलून चौकटीत सरकवली. फटींत काथ्या कोंबला, वरून चुना. दाराच्या फळ्यांना आतून गोणपाट ठोकलं, कारण फट राहिली तर गारवा टिकणार नव्हता. दादानं बटण दाबलं. पेटी हादरली, घरघरली आणि मग खरोखरच थंड वारा माझ्या तळव्यांवर आला. वहिनी, शेजारीण, सगळ्या दारात जमल्या. दादा म्हणाला, "आता दार लावा, नाहीतर काय उपयोग?" त्यांनी दार लावलं.

गारवा खरा होता. खाज थांबली. मी त्या दुपारी अशी झोपले की जेवणाचं ताट तसंच राहिलं. दादा संध्याकाळी आला, माझ्या कपाळाला हात लावून म्हणाला, "बरं वाटतं ना?" मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते.

पण दार आता दिवसभर बंद. वहिनीचा पाट दारातून उठला. मशीनच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नसे. मुलं हाका मारत होती की नाही तेही कळत नसे. एका दुपारी न राहवून मी बटण बंद केलं. हळूहळू खोली तापली, पण दारापलीकडचे आवाज यायला लागले. वहिनी कुणाला तरी सांगत होती, "वन्संना आता छान झोप लागते हो. आपण बोलून उठवायला नको." मी हाक मारली. गोणपाटातून ती बाहेर गेली नसावी.

त्यानंतर मी रोज थोडा वेळ मशीन बंद ठेवायला लागले. घामानं भिजायची, खाज सुटायची, आणि मी ऐकत पडायची. भांड्यांचा आवाज, मुलांचं भांडण, अंगणातून जाणारी पावलं. माझं नाव क्वचित येई.

शेवटी दादाला सांगितलं. तो खाटेजवळ उभा होता.

"दादा, दार उघडं ठेवायला सांग ना."

"अगं, मग सगळा गारवा बाहेर जाईल."

"जाऊ दे."

"मशीनमध्ये काही बिघाड आहे का?"

"नाही. मला कुणी दिसत नाही इथं."

त्यानं पेटीच्या पुढे हात धरून वारा येतो का ते पाहिलं. "मला वाटलं तुला बरं वाटेल," एवढंच म्हणाला. दोन दिवस तो माझ्या खोलीत आला नाही. पण वहिनीनं दार उघडलं, गोणपाट वर गुंडाळलं आणि पाट टाकून बसली. मशीनचा वारा तिच्या पाठीवर येत होता. "बरं आहे हो इथं," ती म्हणाली. पण बोलायला पूर्वीसारखा विषय सापडेना. बहुतेक मी दादाला काय म्हणाले ते तिला कळलं होतं.

मृगाच्या आधीच मशीन बंद पडलं. आतला वायू निघून गेला म्हणे, आणि नगरात तो भरणारा कुणी नव्हता. पेटी काढली. वहिनी म्हणाली, भोक बुजवून टाकू. दादानं मला काही न विचारता त्याला गज बसवले आणि वरून पत्र्याची झडप लावली. मला खिडकी मिळाली. पावसाळाभर मी रस्ता पाहिला. सायकलवाला आपल्याला ओळखतो असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. त्याच्या बाजूनं ती एका भिंतीतली अंधारी चौकट होती.

प्लास्टर काढलं ते पुढच्या वर्षी. पाय काठीसारखे झाले होते. वहिनीच्या खांद्याचा आधार घेत घेत मी अंगण ओलांडून ओसरीवर चढले तेव्हा सगळ्यांनी माझ्यासाठी जागा केली. दादाचे डोळे भरून आले होते. धाकटी आता चांगली बोलायला लागली होती. ती वहिनीच्या पदराआड गेली आणि तिनं विचारलं, "आई, या कोण?"

सगळे हसले. मीही हसले. वहिनी म्हणाली, "अगं, आत्या नाही का आपली?" मुलीनं मान हलवली, पण जवळ आली नाही.

जेवण झाल्यावर माझं अंथरूण माजघरात घातलं. चहूकडून माणसांचे श्वास, कूस बदलण्याचे आवाज, मुलांचं झोपेतलं बडबडणं. इतके दिवस मी याचीच वाट पाहिली होती. तरी मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला म्हणाले, "थोडे दिवस तिकडंच झोपते." ती नको म्हणाली, पण फार आग्रह केला नाही. मी उशी काखोटीला मारली आणि काठी टेकत टेकत अंगण ओलांडलं.